दार उघडा, सोंग आलंय!

ट्रेकला आपण वेल्ह्याला पळतो, शूटिंग बघायला भोरला जातो. पण याच वाटांवर एक जुनी, अस्सल कॉस्च्युम पार्टी वर्षानुवर्षं चालत आली आहे. एका घरातल्या चार पिढ्यांच्या सोंगांची ही गोष्ट. आणि त्या सोंगांना दार उघडणाऱ्यांचीही!

काय मग, यंदा ३१ ऑक्टोबरला काय बनताय? ड्रॅक्युला, चेटकीण, की डोळ्यांपुरती भोकं पाडलेली तीच पांढरी चादर? हसू नका. बाणेर, खराडी, हिंजवडीच्या सोसायट्यांमध्ये हा एकदम सीरियस प्रश्न झालाय. ऑफिसात 'बेस्ट कॉस्च्युम'चं बक्षीस असतं, मॉलमध्ये प्लॅस्टिकचे भोपळे लटकतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फ्लॅट नंबरांची यादी फिरते. पोरांनी चॉकलेटं मागायला कुणाकुणाकडे जायचं, त्याची! २०२४ मध्ये तर धमालच झाली. नेमकी ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली. म्हणजे पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान, पायाखाली कारीट फोडून नरकासुराचा वध आणि संध्याकाळी तोच चिरंजीव सुळे लावून लिफ्टमध्ये हजर!

यावरून दर वर्षी दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, काय ही परदेशी थेरं! दुसरी म्हणते, चिल मारा, पोरं खूश आहेत ना? मला दोन्ही पार्ट्यांना एकच सांगायचंय. सोंग घेऊन दारोदार जाण्यात परदेशी असं काहीच नाही. माझं आजोळ वेल्हे तालुक्यातलं, मावशी दिलेली भोरला. (२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायचा निर्णय घेतला, पण आमच्या आजीच्या तोंडी वेल्हंच.) या दोन तालुक्यांत मिळून आमच्या घराने इतकी सोंगं काढलीत की हॅलोविन त्यापुढे किस झाड की पत्ती!

पोस्त द्या, नाहीतर...

आधी थोडं हॅलोविनचं जनरल नॉलेज. हा सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा. सुगी संपून थंडी लागायच्या त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे परत येतात, असा समज. म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावास्येचा लांबचा चुलतभाऊच म्हणा ना. भुतांनी ओळखू नये म्हणून माणसांनी मुखवटे घालायचे, सलगम कोरून आत दिवा ठेवायचा. आयरिश लोक अमेरिकेत गेले आणि सलगमच्या जागी ऐसपैस भोपळा आला. मग पोरांनी दारोदार जाऊन खाऊ मागायचा, नाही दिला तर खोडी काढायची, ही प्रथा तिकडे विसाव्या शतकात रुजली.

आता आमच्या गावचा शिमगा बघा. होळीच्या आधी आठ दिवस पोरं लाकडं आणि गोवऱ्या पळवायची. कुणाच्या कुडाची काठी, कुणाच्या परड्यातला ओंडका. होळीसाठी पळवलेल्या लाकडाबद्दल ओरडायचं नाही, हा अलिखित नियम. धुळवडीला तोंडाला राख फासून, घोंगडी उलटी पांघरून, कुणी आईचं लुगडं नेसून दारोदार निघायचं आणि 'पोस्त' मागायची. पैसे, गूळ, नारळ, जे मिळेल ते. ज्या घराने पोस्त दिली नाही, त्या घराच्या नावाने जाहीर बोंब! आता सांगा, खाऊ नाहीतर खोडी हा फंडा आयात करायची काही गरज होती?

शिमग्याची सोंगं काही एकट्या वेल्ह्याची नाहीत. खाली कोकणात संकासुर आणि गोमू निघतात. तिकडे जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचवतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराण्याने आणायचं हेही ठरलेलं असतं. गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे मिरवून पहाटे जाळतात. भुताखेतांना, असुरांना वर्षातून एकदा गल्लीत बोलावून त्यांची टिंगल करायची आपल्याला जुनी सवय आहे.

ट्रंकेतली माणसं

आजोळच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. ती उघडली की आमच्या घराचा आल्बम उघडतो.

सगळ्यात तळाला आजोबांची जरीची चोळी. आजोबा मुंबईला गिरणीत कामाला होते. गणपतीला सुट्टी नाही मिळाली तर चालेल, पण शिमग्याला गडी गावात हजर! त्यांचं ठरलेलं सोंग नवरीचं. झुपकेदार मिशा तशाच, वर नथ, आणि चाल अशी लाजरी की बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आजोबा कायमचे गावी परतले. त्या मार्चमधल्या शिमग्याला त्यांनी नवरी काढली नाही. पोटाला उशी बांधली, डोक्याला टोपी घातली आणि ते गिरणीचे शेठ झाले. दारोदार जाऊन ऐटीत सांगायचे, 'कामावर या, पगार सोडून काय पण देतो!' गावात निम्मी घरं गिरणीच्या पगारावर चालणारी. लोक आधी गप्प झाले आणि मग जे हसत सुटले ते थांबेचनात, असं आजी सांगते. त्या वर्षी पोस्त म्हणून पैसे कुणाकडेच नव्हते. ओंजळ ओंजळ तांदूळ जमला. आजोबांनी तो एकट्याने घरी नेला नाही, संपावरच्या सगळ्या घरांत वाटला.

त्याच्यावर मामाचा मावळ्याचा बाराबंदी अंगरखा. तोरणा आणि राजगड हे दोन्ही गड याच तालुक्यातले, त्यामुळे इथल्या शाळेत गॅदरिंग म्हटलं की निम्मा वर्ग मावळे! घायपाताच्या वाखाची दाढी डिंकाने चिकटवायची. ती निघताना गालाची सालटी घेऊन निघायची. ढाल म्हणजे पाटीमागचा पुठ्ठा, तलवार म्हणजे पत्र्याची पट्टी. भोरला मावशीकडे मात्र एकदम संस्थानी थाट. पंतसचिवांचं गाव, मधोमध राजवाडा. तिथल्या पोरांना ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेला जिरेटोप मिळायचा, डिपॉझिट भरून! मामा अजून म्हणतो, 'अगं, भोरकरांचा शिवाजी भाड्याचा आणि आमचा घरचा!'

मग आमची पिढी, म्हणजे फॅन्सी ड्रेसवाली. २००४ मध्ये, पहिलीत असताना, मी वासुदेव झाले होते. आजीने मोरपिसांची टोपी केली, मामाने चिपळ्या दिल्या, आणि पहिलं बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. माझी मामेबहीण एकदा टोमॅटो आणि एकदा झाशीची राणी झाली. पुढे ती लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. तिच्या लेकाला तिने हॅलोविनला तोच मामाचा अंगरखा आखूड करून घातला आणि फेटा बांधला. शेजारच्या आजीबाईंनी दार उघडून कौतुकाने विचारलं, 'अल्लादीन ना रे तू?' पोराने मान हलवून चॉकलेट घेतलं. भूक आधी, इतिहास मग!

आणि सगळ्यात वर, अजून घडीही न मोडलेला, ऑनलाइन मागवलेला ड्रॅक्युलाचा काळा-लाल झगा. हा माझ्या मामेभावाच्या लेकाचा, वय वर्षं सात, मुक्काम पुण्यातली टॉवरवाली सोसायटी. दिवाळीला गावी आला तेव्हा आजीने तो झगा स्वतःच ट्रंकेत ठेवला. म्हणाली, 'हे पण सोंगच हाय की.'

राजगडाच्या दारात एक गोसावी

ट्रंकेत नसलेलं, पण आजोळी दर पिढीला सांगितलं गेलेलं एक सोंग आहे. या तालुक्यातलं सगळ्यात फेमस.

शिवकाळात वेषांतर हा काही टाइमपास नव्हता. हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक वेष पालटण्यात पटाईत मानले जातात. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री पुण्यात लाल महालात शाहिस्तेखानावर छापा पडला, तेव्हा मावळे लग्नाच्या वरातीच्या मिषाने शहरात शिरले, असं सांगतात. तेव्हा राजधानी होती राजगड. आणि १७ ऑगस्ट १६६६ ला आग्र्याहून निसटलेले शिवाजी महाराज याच राजगडावर परतले ते बैराग्याच्या वेशात, अशी कथा आहे. दारात गोसावी आलेत म्हटल्यावर जिजाऊंनी त्यांना आत बोलावलं. त्यातला एक गोसावी पुढे येऊन चक्क त्यांच्या पाया पडला. गोसाव्याने गृहस्थाच्या पाया पडायचं म्हणजे सगळं उलटंच! आणि मग आईने लेकाला ओळखलं.

ही गोष्ट ऐकताना आम्हा पोरांचं लक्ष कायम महाराजांच्या वेशाकडे असायचं. भस्म कसं लावलं असेल? दाढी खरी की खोटी? आजीचा भर मात्र भलत्याच जागी असायचा. 'माउलीनं दार उघडलं म्हून पुढचं झालं,' ती म्हणायची. मुलगा शत्रूच्या तावडीत आहे, महिनोन्महिने पत्ता नाही, दिवस धोक्याचे. अशा वेळी दारात आलेल्या अनोळखी गोसाव्याला आत घ्यायचं! सोंगाच्या गोष्टीत दार उघडणारा माणूसही तितकाच महत्त्वाचा असतो, हे आजीला कुठल्याही मास कम्युनिकेशनच्या कोर्सशिवाय कळलं होतं.

पोटासाठी खाकी

तिने हे शिकलं होतं ते बहुरूप्याकडून.

भाताची सुगी झाली की आजोळी बहुरूपी यायचा. कधी शंकर, कधी वाघ्या, पण हिट रोल पोलिसाचा. खाकी कपडे, हातात वही, ओठांवर शिट्टी. अंगणात येऊन आरडाओरडा सुरू : तुमची कोंबडी परवान्याशिवाय आरवली, दोनशे रुपये दंड! तुमचा बैल माझ्याकडे बघून हसला, कलम लावतो! मग आजी पुढे व्हायची. आजोबांकडे बोट दाखवून म्हणायची, 'साहेब, दंडाला पैसे न्हाईत, यांनाच न्या. पण परत आणू नका.' अंगण हसून लोटपोट. मग सुपातून तांदूळ, वर एखादं जुनं धोतर. हा खेळ दोघांचा असायचा. बहुरूपी निम्मे डायलॉग म्हणायचा, उरलेले आजी. तिने दार लावून घेतलं असतं, तर तो फक्त खाकीतला एक अनोळखी माणूस उरला असता.

त्याच्या खाकीत एक गोष्ट मुद्दाम चुकीची असायची. एका पायात बूट तर दुसऱ्यात चप्पल, किंवा छातीवर बिल्ल्याच्या जागी डब्याचं झाकण. फसवण्याच्या इराद्याने सरकारी माणसाचा पोशाख घालणं हा गुन्हा आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती एक चूक म्हणजे त्याचं लायसन्स : बघा, मी खोटा आहे!

आपल्या राज्यात भटक्या जमातींच्या 'ब' यादीत बहुरूपी, वासुदेव, गोंधळी ही नावं ओळीने सापडतात. आपल्यासाठी जो फॅन्सी ड्रेस, ती यांची रोजीरोटी. गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाहीच) १९५९ च्या आपल्या भीक प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून पैसे मागणंही बसतं. म्हणजे शाळेच्या स्टेजवर वासुदेव झालं की स्टीलचा डबा, आणि रस्त्यावर खऱ्या वासुदेवाने तेच केलं तर कायद्याचा बडगा!

आणि मग १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा रविवार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा व्हॉट्सॲपवर पसरलेल्या. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. सोलापूर जिल्ह्यातून पोट भरायला आलेली माणसं होती ती. साडेतीनशे वर्षांपूर्वी अनोळखी गोसाव्याला आत घेणाऱ्या घराची गोष्ट आपण पोरांना अभिमानाने सांगतो. त्याच महाराष्ट्रात दारात आलेल्या गोसाव्यांचं हे झालं. आजीला ही बातमी कळली त्या दिवशी ती जेवली नाही.

'पाहुणे' या बटणाखाली

गेल्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. मामेभावाच्या सोसायटीत हॅलोविनची तयारी जोरात होती. संध्याकाळी गार्डनमध्ये वीस-बावीस ड्रॅक्युला आणि चेटकिणी जमल्या होत्या. त्याच वेळी गेटवर खाकीतला एक माणूस आला. एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल!

वॉचमनने त्याला अडवलं. त्याचाही दोष नाही, त्याच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये चारच बटणं : डिलिव्हरी, कॅब, कामवाली, पाहुणे. बहुरूप्यासाठी बटण कुठून असणार? आमच्या वहिनीने वरून हे पाहिलं. ती मूळची नसरापूरची, तिला ओळखायला वेळ लागला नाही. तिने फोन करून सांगितलं, 'पाहुणे दाबा, माझ्या नावावर.' बहुरूपी आत आला, पोरांकडे एक नजर टाकली आणि शिट्टी फुंकली. 'दातांचं लायसन्स कुठाय? रात्रीचं रक्त प्यायचा परवाना काढलाय का?' अर्धा तास नुसता कल्ला! आमच्या भाचेबुवांना दोरीच्या बेड्या पडल्या आणि वहिनीने तीन लाडवांवर जामीन मिळवला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तरी शब्द बरोबर आजीचेच.

खेळ झाल्यावर मी त्यांच्याशी बोलत बसले. खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. २०१८ नंतर नव्या गावात शिरण्याआधी ते पोलिस चौकीत जाऊन नाव सांगतात. 'पोलिसाचं सोंग घ्यायला पोलिसाची परवानगी,' ते हसत म्हणाले. थोरला मुलगा कंपनीत पॅकिंगला आहे, त्याला हे नको वाटतं. 'सोंग जमतं त्याला, ताई. पण दार वाजवायची भीती वाटते म्हणतो.' भाच्याने त्यांच्यापुढे चॉकलेटांची पिशवी धरली. त्यांनी एक घेतलं आणि विचारलं, 'तांदूळ असतील का थोडे?' वहिनीने पाच किलो बांधून दिले.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नोटीस आली : परवानगीशिवाय बाहेरच्या कलाकारांना आत घेऊ नये, सुरक्षेचा प्रश्न आहे. आता हा प्रश्न अगदीच खोटा आहे असं कोण म्हणेल? लहान मुलं आहेत, चोऱ्या होतात. पण वहिनीने शांतपणे उत्तर लिहिलं की वर्षातून एक दिवस आपली मुलं तोंडं रंगवून अनोळखी दारं वाजवतात आणि आपण त्याचे फोटो काढतो. मग ज्याचं हे कामच आहे, त्याच्यासाठी एक रीतसर बटण का असू नये? ओळखपत्र बघा, वेळ ठरवा, नोंद करा, पण आत येऊ द्या. यावर अकरा अंगठे आले आणि सात जणांनी विरोध नोंदवला. विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर आहे. काय होईल ते होईल, पण वहिनीने भाषणाची तयारी केली आहे!

तुमच्या घरचं सोंग : थोड्या हटके आयडिया

* यंदा कॉस्च्युम मागवण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा : 'तुम्ही शेवटचं सोंग कधी काढलं होतं?' उत्तर ऑनलाइन मिळणार नाही.
* मुखवटा घरीच करा. रद्दी कागद रात्रभर भिजवा, कुटून लगदा करा, त्यात डिंक किंवा मैद्याची खळ घाला आणि तेल लावलेल्या वाडग्यावर थापून वाळवा. दोन दिवस पुरतात.
* वासुदेव, गोंधळी, पोतराज हे मुलांना 'करायला' देणार असाल तर खरे वासुदेव कोण, कुठून येतात, काय मागतात हेही सांगा. जमलं तर खऱ्यालाच बोलवा, योग्य ती बिदागी देऊन.
* दारात सोंग आलं तर पहिला प्रश्न 'कोण पाहिजे?' असा नको. 'काय गुन्हा झाला साहेब आमच्याकडून?' असा विचारा. पुढचा डायलॉग आपोआप येतो.
* मागितलेलं तांदळाचं माप भरून द्या. आमची आजी म्हणते, सुपातलं रिकामं होतं, अंगणातलं हसू राहतं.